सगेसोयऱ्यांसह : एका नवख्या फॉन्टची तपासणी

आवाज नीट येतोय ना? मधेच रेल्वेचा भोंगा ऐकू आला तर दचकू नका. आमचं घर शहपुरा भिटोनी स्टेशनापासून फार लांब नाही, आणि जबलपूर-इटारसी लाइनवरच्या गाड्या माझं बोलणं संपेपर्यंत थांबणार नाहीत.

तुमच्यातले बरेच जण विचारतील, हे शहपुरा कुठलं? जबलपूर जिल्ह्यातलं. नर्मदेकाठचा मुलूख, आणि हिरव्या मटारचा. थंडीत तुमच्या बाजारात येणारा मटार कदाचित आमच्याकडचाच असेल. माझी मराठी ऐकताना मधेमधे हिंदी डोकावेल, तेवढं सांभाळून घ्या. आमच्या घरात मराठी बोलतात, पण अंगणाच्या फाटकाबाहेर पाऊल पडलं की हिंदी सुरू. आणि माझी गोष्ट नेमकी या फाटकाचीच आहे. मी एक देवनागरी फॉन्ट करते आहे. अजून पुरा झालेला नाही, त्याला नावही ठेवलेलं नाही. मी कुठल्या कला महाविद्यालयात शिकलेली नाही. बाबांचं पत्रिका छापण्याचं छोटं दुकान आहे, तिथे मी कॉम्प्युटरवर बसते. एवढंच माझं शिक्षण.

सुरुवात झाली एका फजितीतून. नात्यातलं लग्न होतं आणि पत्रिका अर्थातच आमच्या दुकानात. वर्षाला शेकड्यांनी हिंदी पत्रिका निघतात, त्यात मराठी एखाद-दुसरी. मजकूर नेहमीचाच : आपण सगेसोयऱ्यांसह उपस्थित राहून वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत. दुकानातल्या एका जुन्या फॉन्टात मी तो जुळवला, बाबांनी छापला, पत्रिका वाटून झाल्या. आणि आत्याचा फोन आला. आत्या एक्याऐंशी वर्षांची. म्हणाली, "अगं, हे सगेसोयर्‌यांसह काय लिहिलंयस? सूर्यासारखा रफार दिलायस सोयऱ्यांच्या डोक्यावर!"

मी पत्रिका पुन्हा पाहिली. खरंच की. 'ऱ्या'मधला तो आडवा, पापणीसारखा अर्धा र त्या फॉन्टात नव्हताच. त्याच्या जागी रफार बसला होता आणि मला तो खटकलाही नव्हता. लाज वाटली ती या दुसऱ्या गोष्टीची. फॉन्टात अक्षर नसणं हा फॉन्टाचा दोष. पण ते नाही हे मला न दिसणं?

हिंदीला या र ची गरज पडत नाही. आपल्याला पडते, आणि ती शोभेसाठी नाही. 'आचार्यांना बोलावलं' आणि 'आचाऱ्यांना बोलावलं' यांत केवढा फरक आहे! पहिल्यात प्रवचन होईल, दुसऱ्यात जेवण. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' डोंगरातल्या. एका पापणीएवढ्या रेघेवर अर्थ फिरतो.

त्या रात्री ठरवलं की आपण एक फॉन्ट करायचा. असं ठरवायला अज्ञान लागतं, ते माझ्याकडे भरपूर होतं. मला वाटलं, बारा-चौदा स्वर, तीसेक व्यंजनं, काना-मात्रा-वेलांट्या. दोन महिन्यांत होईल. फॉन्टफोर्ज नावाची मोफत प्रणाली उतरवून घेतली. बाबांच्या जुन्या बोरूने कागदावर अक्षरं काढली, मोबाइलने फोटो घेतले आणि ती संगणकावर गिरवायला लागले. युनिकोडमध्ये देवनागरीचा मुख्य कप्पा १२८ जागांचा आहे. पण जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, लांब-आखूड वेलांट्या, रफाराची वेगवेगळी ठिकाणं हे सगळं धरून माझ्या फॉन्टात आज सहाशेच्या वर आकृत्या झाल्या आहेत. दोन महिन्यांचं काम तिसऱ्या वर्षात आलं आहे.

पहिला नमुना छापला तेव्हा मी फार खूश होते. दुकानातलंच एक हिंदी निमंत्रण आणि एक भजन माझ्या फॉन्टात जुळवलं, वीस प्रती काढल्या आणि ओळखीच्यांना वाटल्या. विचारलं, कसा वाटतो? सगळे म्हणाले, छान. शेजारी म्हणाले, बहुत सुंदर. एक मामा म्हणाले, "अगदी छापल्यासारखा दिसतो!" छापलेलाच होता तो, मामा.

आठवडाभर मी हवेत होते. मग लक्षात आलं की 'छान' या शब्दातून मला करण्यासारखं काहीच मिळालेलं नाही. कुठलं अक्षर बदलू? कुठे जागा सोडू? वाईट फॉन्टालाही लोक छानच म्हणाले असते, कारण ते माझ्या फॉन्टाला म्हणत नव्हते, मला म्हणत होते. आमच्या मुलीने केलंय ना, मग छान.

म्हणून दुसऱ्या खेपेला विचारणंच बंद केलं. एक पान मराठी मजकूर छापला, तो आत्याच्या हातात दिला आणि म्हटलं, मोठ्याने वाच. मी शेजारी पेन्सिल घेऊन बसले. ती जिथे अडखळेल, मागे जाईल, कागद डोळ्यांजवळ नेईल, तिथे माझ्या प्रतीवर खूण करायची. अक्षराबद्दल एक शब्द बोलायचा नाही. हाच रिवाज पुढे चालू ठेवला. जबलपूरला मराठी मंडळींच्या कार्यक्रमांना जायचे तेव्हा पिशवीत ही पानं असायची. हळदीकुंकवाला बायका वाण घेऊन येतात, मी कागद घेऊन जायची. दोन-तीन घरांत मला पाहिलं की चष्मे शोधायला लागायचे.

त्या पहिल्या दुपारी आत्याने तीन ओळी वाचल्या आणि थांबली. "ही हिंदीची पोथी आहे का गं?"

म्हटलं, नाही, मराठीच आहे, वाच ना.

"वाचतेय. पण ल परका आहे."

मी लहानपणापासून हिंदी शाळेत शिकले. माझ्या हाताला जो ल येतो तो दांडीचा, उजवीकडे उभ्या रेघेला टेकलेला. मराठीतला ल वेगळा. त्याला ती उभी दांडी नाही. मधल्या देठाला दोन बाजूंना दोन पाकळ्या लटकलेल्या असतात. श चंही तसंच : हिंदीत गाठीचा, आपल्याकडे देठाचा. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची प्रमाण वर्णमाला ठरवून दिली, २०२२ मध्ये सुधारित निर्णय काढला. 'पाकळीयुक्त ल' आणि 'देठयुक्त श' हे शब्द मला त्यावरच्या चर्चेतून मिळाले. महाराष्ट्रात राहणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. मला वाटलं, कारण आत्याच्या पत्रांत मी हा ल शेकडो वेळा वाचला होता आणि तरी काढताना हाताला तो आला नाही. डोळा मराठी राहिला होता, हात हिंदी झाला होता.

इथे थोडं विषयांतर करते. मला वाटायचं की देवनागरी हिंदीची, आणि आपण मराठी लोक तिच्यात थोडा फेरफार करून घेतो. मग जुनी हिंदी पुस्तकं हाताळली. त्यांतला अ निराळा, झ निराळा, आणि ण तर चक्क 'रा'सारखा. आज हिंदीत आपण जे अ, झ, ण पाहतो ती मुंबईकडची वळणं. छपाईबरोबर ती उत्तरेत रुजली आणि पुढे हिंदीच्या प्रमाण वर्णमालेतही बसली. मुंबईत हे अक्षर घडवणारी माणसं मोठी होती. अमेरिकन मिशन छापखान्यात थॉमस ग्रॅहम, त्यांच्या हाताखाली तयार झालेले जावजी दादाजी, आणि पोलादावर अक्षरं कोरणारे राणोजी रावजी आरू. जावजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला आणि त्याचं वळण देशभर नावाजलं गेलं. म्हणजे तीन अक्षरं सासरी गेली आणि तिथलीच झाली, ल आणि श मात्र माहेरी राहिले. हे कळल्यावर माझा न्यूनगंड जरा कमी झाला. काम मात्र वाढलं.

कारण ल बदलणं म्हणजे एक अक्षर बदलणं नव्हे. देवनागरीत ज्याला उभी दांडी आहे त्याचं अर्धं अक्षर करणं सोपं. दांडी काढून टाका, झालं. त, न, स, व, सगळे असेच. पाकळीच्या ल ला दांडीच नाही! मग 'केल्या', 'गेल्या', 'कोल्हापूर', 'दिल्ली' यांत अर्धा ल करायचा कसा? मी उजवी पाकळी आखडती घेतली आणि तिचं टोक पुढच्या अक्षरात अडकवलं. 'ल्या' बरा झाला, 'ल्ह' बुजला. 'ल्ल' तर असा दिसायला लागला की एका काकूंनी तो 'ळ' वाचला. तीन खेपा लागल्या. आणि मराठीत 'ल्या' किती येतो ते मोजून बघा कधी. आलेल्या, गेलेल्या, केलेल्या, राहिलेल्या! एका पानावर दहा-पंधरा वेळा सहज. हिंदी मजकुरावर फॉन्ट तपासत राहिले असते तर हे जन्मात दिसलं नसतं.

ळ ची तर मला माफीच मागायला हवी. हिंदीला रोजच्या लिहिण्यात ळ लागत नाही, म्हणून मी तो सगळ्यांत शेवटी, एका रात्रीत, उरकून टाकला होता. मराठी पान छापलं तेव्हा दर ओळीत ळ. वेळ, काळ, सकाळ, मिळालं, सगळं, कळलं. आणि प्रत्येक ठिकाणी तो सैल, रुंद, भरल्या बसमध्ये कोपर बाहेर काढून उभ्या असलेल्या माणसासारखा. हे मला अक्षरतज्ज्ञाने सांगितलं नाही, सातवीतल्या एका मुलीने सांगितलं. "ताई, तुमचा ळ जास्त जागा घेतो."

बाबांची तक्रार वेगळी होती. ते अक्षराकडे कारागिराच्या नजरेने बघतात. पत्रिकेवर सोनेरी शाई स्क्रीनने ओढली की ती थोडी पसरते. कागदावर नीट दिसणारी गोल पोटं कार्डावर भरून जातात. बाबांनी एक कार्ड उजेडात धरलं आणि म्हणाले, "ळ चं पोट बुजलं. ठ चं पण. थोडं उघड त्यांना." मी पडद्यावर शंभरपट मोठं करून अक्षरं घासत बसले होते आणि त्यांचं आयुष्य जाणार होतं चार मिलिमीटर उंचीत, सोनेरी शाईत. तेव्हापासून घरच्या प्रिंटरवरच्या नमुन्यावर मी विश्वास ठेवत नाही. एक तरी प्रत स्क्रीनवरून काढतेच.

भजनी मंडळातल्या बायकांनी जो दोष पकडला तो मला सर्वांत जास्त शिकवून गेला. संध्याकाळची वेळ, देवळातला पिवळा दिवा, निम्म्या जणींनी चष्मे घरी ठेवलेले. पानात 'मूर्तींना' हा शब्द होता. काहींनी 'मूर्तीना' वाचलं, एकीने 'मुर्ती' म्हणून तिथेच सोडून दिलं. खूण केली आणि घरी येऊन भिंग लावलं. त ला दीर्घ वेलांटी, तिच्या टोकाला रफार, वर टिंब. तिघं एकाच खांद्यावर बसलेले. टिंब रफाराच्या पोटात शिरून एक जाड डाग झाला होता. आता मी वेलांटी, रफार आणि टिंब यांची मिळून एकच आकृती काढली आहे, त्यात टिंबाला उजवीकडे स्वतःची जागा दिली आहे. 'मूर्तींना', 'वर्गांत', 'कीर्तीं' असले शब्द असलेलं एक वेगळं पान आता माझ्याकडे तयार असतं. त्याला घरात 'टिंबांचा कागद' म्हणतात.

आणि वकीलकाका. १९५६ साली नवं मध्य प्रदेश राज्य झालं आणि हायकोर्ट जबलपूरला आलं. तेव्हापासून आमच्याकडच्या मराठी घरांत वकील हटकून सापडतो. या काकांनी स्वतःच्या नावाचं लेटरहेड माझ्या फॉन्टात करून मागितलं. मोठ्या अभिमानाने नेऊन दिलं. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "बेटा, मी चौकोन कधी झालो?" नावाआधी 'ॲड.' होतं आणि ॲ च्या जागी रिकामा चौकोन. युनिकोडमध्ये ॲ ला स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली. त्याआधी अ वर चंद्र देऊन काम भागवत. मी ज्या जुन्या यादीवरून अक्षरं काढत होते तिच्यात ॲ नव्हताच. ती चूक दहा मिनिटांत सुधारली, पण काका अजून मला फोनवर "चौकोन बोलतोय" म्हणतात.

दहा मिनिटांत म्हटलं, तेव्हा आरूंची आठवण होते. त्यांच्या काळात एक वळण चुकलं तर पोलादाचा पंच पुन्हा कोरायचा, तो तांब्यात ठोकून साचा करायचा, मग खिळे पुन्हा ओतायचे. मला बिंदू सरकवायचा असतो. ही सोय आहे आणि धोकाही. सुरुवातीला जो जे सांगेल ते मी बदलत गेले. एक म्हणाले शिरोरेषा जाड कर, केली. दुसरे म्हणाले बारीक कर, केली. एका भाच्याला टिंबाच्या जागी बदाम हवा होता. सहा महिन्यांनी फॉन्ट असा झाला की त्यातली 'क' आणि 'फ' भावंडं वाटेनात. तेव्हा एक नियम केला. कुणी 'असं कर' म्हणालं तर ऐकून घ्यायचं, पण वहीत लिहायचं नाही. कुणी अडखळलं तरच लिहायचं. आणि दोन वेगवेगळ्या माणसांनी एकाच जागी अडखळलं तर बदलायचं.

हा नियम श ने मोडून दाखवला. श देठाचा केल्यावर 'प्रश्न', 'निश्चय', 'विश्व', 'श्लोक' यांतला अर्धा श कसा ठेवायचा? जुन्या छपाईत, पूर्ण श देठाचा असला तरी जोडाक्षरात त्याचं दुसरं, रिबिनीसारखं रूप येतं. 'श्री'मध्ये ते आपण सगळेच लिहितो. आत्याच्या पिढीला 'प्रश्न' तसाच हवा. शाळेतली पोरं त्यावर अडखळतात, त्यांना तो 'प्रन्न' की काय असा वाटतो. मी सरळ केला तर पोरं सुरळीत वाचतात आणि आत्या अडखळत नाही, पण कागद खाली ठेवते. अडखळणं मोजता येतं, कागद खाली ठेवणं कसं मोजायचं? शेवटी 'श्र' आणि 'श्व' जुने ठेवले, 'श्न' आणि 'श्च' साधे केले. ही तडजोड आहे आणि ती मला आवडत नाही.

त्याहून मोठा प्रश्न अजून सुटलेला नाही, तो तुमच्यापुढे ठेवते. पाकळीचा ल आणि दांडीचा ल यांना युनिकोडमध्ये जागा एकच आहे. संगणकाच्या दृष्टीने ते एकच अक्षर, फक्त चेहरे दोन. एका फॉन्टात दोन्ही चेहरे ठेवता येतात, आणि मजकूर मराठी आहे अशी खूण असेल तर मराठी चेहरा आपोआप पुढे येतो. लोहित या मुक्त फॉन्टाच्या पूर्वी हिंदी, मराठी, कोंकणी, नेपाळी अशा वेगवेगळ्या आवृत्त्या होत्या, पुढे त्या एकाच 'लोहित देवनागरी'त सामावल्या. सोय उत्तम आहे. पण ती खूण लावतं कोण? मोबाइलवरून आलेला मजकूर, फ्लेक्सवाल्याकडे गेलेली ओळ, दुकानात चिकटवलेलं निमंत्रण, यांना भाषेची खूण नसते. मग जो चेहरा मूळ म्हणून ठेवलेला असेल तोच दिसतो. बहुतेक वेळा तो हिंदीचा असतो.

मी मूळ चेहरा मराठी ठेवला. हिंदी हवा असेल तर खूण लावा, असं म्हटलं. आयुष्यात एकदा तरी उलट होऊ दे! महिनाभर मजा आली. मग गावातल्याच एका शेतकऱ्याच्या मुलीची पत्रिका आली, हिंदी. माझ्या हातून ती याच फॉन्टात जुळवली गेली. वडील कच्ची प्रत घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. रागावले नव्हते. ल वर बोट ठेवून एवढंच म्हणाले, "बिटिया, यह अक्षर हमारा नहीं लग रहा।"

आत्याने वापरला होता तसाच शब्द. परका.

ती पत्रिका मी बदलून दिली. तेव्हापासून दोन फाइली ठेवल्या आहेत, एकीत मूळ ल पाकळीचा, दुसरीत दांडीचा, बाकी सगळं तेच. जाणकार सांगतात की ही जुनी, बोजड पद्धत, एक फाइल पुरे. बरोबर आहे त्यांचं. पण दुकानात गर्दी असते तेव्हा खूण लावायला विसरते मी, आणि विसरणारी मी एकटी नसणार.

तुमच्यापैकी कुणी बडोद्याचे असतील, बेळगावचे, हैदराबादचे, इंदूर-ग्वाल्हेरचे. तुमच्या हाताला कुठला ल येतो ते मला हवं आहे. दोन ओळी कागदावर लिहून फोटो पाठवा. नीट अक्षरात नको, किराण्याची यादी लिहिता तशा. त्यात 'सगेसोयऱ्यांसह', 'मूर्तींना', 'मिळालेल्या' आणि 'प्रश्न' हे चार शब्द तेवढे असू द्या.

परवा सतरावा नमुना आत्याकडे घेऊन गेले. पान पुरं वाचलं, एकदाच थांबली. मी पेन्सिल सरसावली. म्हणाली, "अक्षरासाठी नाही गं थांबले, दम लागला." मग पान उलटं करून विचारलं, मागे काही नाहीये का? आता अठराव्याला दोन्ही बाजूंनी मजकूर लागेल. ळ अजून थोडा रुंद आहे.